मुका खांब, हसरा कोन

मराठी मध्यमवर्गाने क्रोशाच्या सुईला आजवर एकच काम दिलं होतं : झाकणं. टीव्ही झाका, रेडिओ झाका, सोफ्याच्या पाठी झाका, घरात फोन आला की तोही झाका. पाण्याच्या तांब्यावर टाकायला गोल जाळीदार रुमाल, आणि पंख्याच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून काठाला मणी. फ्रिज आला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक चौकोन आणि हँडलला एक मोजा चढला. हँडलला थंडी कशी वाजेल, हे त्या काळी कुणी विचारलं नाही. बरं, ही सगळी वीण जाळीची. त्यातून धूळ बिनदिक्कत आत जायची. म्हणजे टीव्ही पुसायचा तो पुसायचाच, वर रुमाल धुवायचा. पण घरातली एखादी वस्तू उघडीवाघडी बसली आहे, हे आपल्याला बघवत नसे.

या परंपरेत वाढलेल्या मी तीच सुई हातात धरून एक आइस्क्रीमचा कोन विणला. खाली बिस्किटी रंगाचा कोन, वर गुलाबी स्कूप, दोघांच्या मध्ये वितळल्याचा आव आणणारी झालर, डोक्यावर लाल चेरी, स्कूपवर दोन काळे डोळे आणि त्यांच्या मधोमध इवलंसं हसू. आत कापूस. उंची वीतभर. हे आइस्क्रीम काही झाकत नाही, कशावर पसरत नाही, कशाखाली सरकवता येत नाही. ते टेबलावर बसतं (खरं तर कलंडतं, कारण कोनाला बूड नसतं) आणि आपल्याकडे बघून हसतं.

घरात चौकशी बसली. "हे काय आहे?" असं कुणी विचारलं नाही, तेवढं श्रेय मी माझ्या विणीला देते. सगळे थेट पुढच्या प्रश्नावर आले : "याचं करायचं काय?"

सासूबाईंनी कोन उलटापालटा करून टाके तपासले, "वीण घट्ट आहे" असं म्हणाल्या. त्यांच्या दरबारात याहून मोठं पदक नाही. मग म्हणाल्या, "टाचण्या टोचायला बरं होईल." मी म्हटलं, "आई, हसतंय हो ते." त्यावर, "मग मागच्या बाजूने टोच," असा मध्यममार्ग निघाला. नवऱ्याने वर कडी लावून किल्ल्यांना अडकवायचं सुचवलं. वीतभर कोन खिशात घालून हा माणूस बँकेत कसा जाणार होता, देव जाणे. जाऊबाई म्हणाल्या, "आणखी एक करा, पडदे बांधायला जोडी होईल." समोरचे काका पेपर मागायला आले होते, त्यांनीही हात धुऊन घेतले. "वहिनी, आत वाळू भरा. दार आपटतं त्याला अडण म्हणून लावता येईल." एका संध्याकाळी माझ्या आइस्क्रीमला चार नोकऱ्या चालून आल्या. आजकाल इंजिनिअरांनाही इतक्या येत नाहीत. रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने ते पाहिलं आणि काळजीने म्हणाली, "गुलाबी रंग लवकर मळतो गं. त्याच्यावर टाकायला एक जाळीचं झाकण विणून ठेव."

माझं म्हणणं असं, की निरुपयोगी तर तेही रुमाल होते. टीव्हीला त्यांची गरज नव्हती; विणणाऱ्या बाईला होती. दुपारी दोन तास कुणी काही मागू नये, हातात आपल्या मनाची एक गोष्ट असावी, हा खरा हेतू. पण तसं उघड म्हणायची सोय नव्हती, म्हणून बिचाऱ्या टीव्हीला पुढे केलं जायचं. आइस्क्रीमच्या कोनाला ही सबब नाही. त्यामुळे ते विणणारी बाई एकदम उघडी पडते. ती काहीही उपयोगाचं करत नाही, आणि वर मजेत आहे.

हे खूळ जपानचं. लोकरीने पोकळ आकार विणायचा, आत कापूस ठासायचा आणि त्याला चेहरा लावायचा, या प्रकाराला तिकडे अमिगुरुमी म्हणतात. ज्या देशाने 1974 साली एका तोंड नसलेल्या मांजरीला, म्हणजे हॅलो किटीला, जन्म देऊन तिच्या जिवावर पेन्सिलीपासून विमानापर्यंत सगळं रंगवलं, त्या देशाला आइस्क्रीमला डोळे लावण्यात काही विशेष वाटणं शक्य नव्हतं. कांदा, ढग, पावाचा तुकडा, चहाची किटली : डोळ्यांच्या दोन टिकल्या लावल्या की कुणीही घरचं माणूस होतं. 2020 साली आपण सगळे घरात कोंडले गेलो, तेव्हा कित्येकींनी कपाटातली सुई बाहेर काढली. दालगोना कॉफी गेली, केळ्याचा केक गेला; सुई मात्र राहिली.

डोळे कुठे लावायचे, याचंही शास्त्र आहे. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्ट्सने 1943 मध्ये मांडलं होतं, की मोठं डोकं, उंच कपाळ, त्या मानाने खाली असलेले डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले की माणसाला माया येते. निसर्गाने ही योजना तान्ह्या बाळांसाठी केली असावी. आपण ती स्ट्रॉबेरी स्कूपवर वापरतो. म्हणून डोळे स्कूपच्या मध्याच्या खाली हवेत, एकमेकांपासून लांब हवेत आणि तोंड अगदी लहान हवं. डोळे दोन ओळी वर सरकले, तर तेच आइस्क्रीम कर्जाचा हप्ता चुकल्यावर घरी येणाऱ्या वसुलीवाल्यासारखं बघायला लागतं. जवळ आणले, तर त्याला काहीतरी कळलंय आणि ते सांगत नाहीये, असं वाटतं. मी डोळे आधी टाचणीने लावून, कोन शेल्फवर ठेवून, दोन खोल्यांतून ये-जा करत बघते. सासूबाई म्हणतात, मुलगी बघतानाही आमच्याकडच्यांनी एवढं निरखलं नव्हतं.

आता प्रत्यक्ष विणीकडे. ज्यांनी कधी क्रोशा केला आहे त्यांना साखळी, खांब आणि मुका खांब हे तीन शब्द सांगावे लागत नाहीत. रुमालाला साखळ्या आणि उंच खांब लागतात, कारण तिथे भोकं हवी असतात. खेळण्याला उलट. भोक दिसलं की त्यातून कापूस डोकावतो, म्हणून सगळं काम मुक्या खांबांचं आणि लोकरीच्या लेबलवर सांगितलेल्यापेक्षा बारीक सुईचं. दोऱ्याचं एक वेटोळं करायचं, त्यात 6 मुके खांब घालायचे आणि टोक ओढून मधलं भोक मिटवायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन, झाले 12. मग एक सोडून एकात वाढ, झाले 18. मग 24, 30, 36. दर फेरीला 6 वाढत गेले की सपाट ताटली होते. वाढ थांबवून नुसतं गोल फिरत राहिलं की ताटलीच्या कडा वर उठतात आणि वाटी होते. ती वाटी पालथी घातली की तुमचा स्कूप.

आणि 6 पेक्षा पुष्कळ जास्त वाढवले तर? तर कड बसायला जागाच उरत नाही. ती लाटांनी दुमडते आणि झालर होते. आइस्क्रीमची वितळणारी कड अशीच येते; प्रत्येक घरात चार-पाच खांब कोंबायचे, बस. गंमत अशी, की या झालरीने गणितज्ञांना बरीच वर्षं छळलं होतं. हायपरबोलिक प्रतल नावाची एक भूमिती आहे. ती कागदावर मांडता येते, पण हातात धरून बघायची म्हटली की कागदी नमुने टिकत नसत. कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना तायमिना या गणिताच्या बाईंनी 1997 मध्ये क्रोशाची सुई घेतली, ठरावीक प्रमाणात खांब वाढवत नेले आणि ते प्रतल विणून वर्गात नेलं. त्यावर त्यांनी 2009 मध्ये पुस्तकही लिहिलं, आणि त्या पुस्तकाला वर्षातल्या सर्वांत विचित्र शीर्षकाचा डायग्राम पुरस्कार मिळाला. हे मी घरात वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "म्हणजे तुझी झालर भूमिती आहे?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून माझ्या सुईकडे बघताना तो आवाज थोडा खाली आणतो.

कोनाच्या बाबतीत मात्र भूमितीपेक्षा चिकाटी लागते. टोकापासून सुरुवात, हळूहळू वाढ, फेऱ्या संपता संपत नाहीत, आणि सारखं मोजायचं. घरातल्यांना हे मोजणं दिसत नाही. त्यांना एक बाई निवांत बसलेली दिसते.

"अगं, गॅसचा नंबर लावलास का?"

"सत्तावीस, अठ्ठावीस, लावला, एकोणतीस."

"शनिवारी मित्रांबरोबर लोणावळ्याला जाऊ का?" हा मुलगा.

"तीस, जा, एकतीस."

मी मोजत असताना कशालाही हो म्हणते, हा शोध आमच्या मुलाला लागला आणि त्याने तो बापाला सांगितला. घरातले काही महत्त्वाचे आर्थिक निर्णय अशा प्रकारे कोनाच्या विसाव्या ते तिसाव्या फेरीत झालेले आहेत. आमच्या नव्या साउंडबारकडे बघितलं की मला अजूनही आकडे ऐकू येतात.

सामानासाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जावं लागतं. तिथे एक माणूस आणि एक हातगाडी एकाच वेळी जाऊ शकत नाहीत, पण दोघंही जातात. लोकर म्हणून आपण जी घेतो, ती बहुतेक वेळा कुठल्याही मेंढीने पाहिलेली नसते. ती ॲक्रिलिक असते, म्हणजे मुळात खनिज तेलाचं अपत्य. यावरून आठवलं. आपल्याकडे आइस्क्रीम असं नुसतं लिहायचं तर त्यात किमान 10 टक्के दुधाची स्निग्धता लागते, आणि दुधाऐवजी वनस्पती तेल वापरलं तर डब्यावर फ्रोझन डेझर्ट असं छापावं लागतं. माझ्या कोनात दूध नाही, वनस्पती तेलही नाही, निव्वळ पेट्रोलियम आहे. त्याला कोणत्या वर्गात घालायचं, हे अन्न खात्यातल्या कुणीतरी फुरसतीने ठरवावं.

पहिला कोन झाल्यावर स्वदेशीचा मुद्दा निघाला. "हे कोनबिन कशाला? आपलं काहीतरी कर की," हे जाऊबाईंचं मत. विचार केला तर आपल्याकडे गोठवून खायच्या वस्तूंची वाण नाही, पण विणायला बसलं की एकेकाची अडचण कळते. कुल्फी सोपी, निमुळती नळी आणि खाली काडी. मात्र तिला डोळे लावले की ती मेणबत्ती वाटते. मटका कुल्फीला मटक्याचा गोल चेहरा आयता मिळतो, पण मग कुल्फी राहते बाजूला आणि सगळे मटक्याचंच कौतुक करतात. मस्तानी विणायची म्हणजे काचेचा उंच ग्लास विणायचा. लोकरीतून आरपार दिसत नाही, तेव्हा आतलं दूध आणि तळातला सुकामेवा लोकांनी विश्वासावर घ्यायचा. पुणेकर मस्तानीच्या बाबतीत विश्वासावर काही घेत नाहीत. बर्फाच्या गोळ्याचे तीन रंग सुंदर येतात. मात्र गोळा खाण्यातली अर्धी मजा तो सुर्र करून ओढण्यात आहे आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणाऱ्या काला-खट्ट्यात आहे. ती कापसात कुठून आणायची?

गारेगार मात्र जमलं. उन्हाळ्यात सायकलच्या मागे पेटी बांधून "गारेग्गाऽऽर" असं ओरडत येणारा माणूस ज्यांच्या गावात होता, त्यांना बाकी काही सांगायला नको. नारिंगी लांबट चौकोन, वरच्या कडा गोल, खाली काडी. अमेरिकेत या वस्तूचं पेटंट 1924 मध्ये फ्रँक एपर्सन नावाच्या माणसाने घेतलं. 1905 मध्ये, अकरा वर्षांचा असताना, तो सोड्याच्या पुडीचं सरबत ढवळायच्या काडीसकट रात्री बाहेर विसरला आणि सकाळी ते काडीला धरून गोठलेलं मिळालं, अशी कथा आहे. आपल्याकडे कुठल्याही मुलाने असं भांडं बाहेर विसरलं असतं, तर सकाळी त्याला पेटंट नाही, वेगळंच काहीतरी मिळालं असतं.

पॉट आइस्क्रीमचा विषय मी काढलाच नाही, सासूबाईंनी काढला. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं, हे विज्ञान त्या वेळी कुणाला सांगावं लागत नसे, कारण पाणी बोटांना लागलं की कळायचंच. हँडल फिरवायला आधी सगळ्या पोरांची झुंबड. आटवलेलं दूध घट्ट होऊ लागलं की पोरं एकेक करून पांगायची आणि शेवटी हँडल घरातल्या जावयाच्या हातात यायचं, कारण त्याला नाही म्हणता येत नसे. "आंब्याच्या फोडी घालायचो आम्ही," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या गुलाबी कोनाकडे त्यांनी असं काही पाहिलं, की मला त्या कोनाच्या वतीने ओशाळल्यासारखं झालं.

लोकरीच्या आइस्क्रीमचा एक गुण मात्र त्यांनीही मान्य केला. त्याने घसा धरत नाही. आइस्क्रीम आणि सर्दी यांचं नातं आपल्या प्रांतात फार जुनं आहे. बोस्टनहून जहाजाने बर्फ यायला लागल्यावर, 1834 च्या सुमारास, जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत आपल्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने त्याची दखल घेतली, असं सांगतात. म्हणजे आइस्क्रीम मुंबईत उतरलं ते "तरी सांगत होते" हे वाक्य बरोबर घेऊनच. माझं आइस्क्रीम त्या बाबतीत निर्धोक आहे. ते स्वतःच स्वेटर घालून आलेलं आहे.

ज्या छोटीसाठी हा सगळा खटाटोप होता, ती माझ्या भाचीची मुलगी, वय वर्षं दोन. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला प्लॅस्टिकचे डोळे लावायचे नसतात, मूल ते उपटून गिळू शकतं. म्हणून काळ्या दोऱ्याने भरून काढले. पोरीने कोन दोन्ही हातांनी घेतला, डोळे विस्फारले, जीभ बाहेर काढली आणि चेरीपासून झालरीपर्यंत एक लांबलचक चाटा मारला. मग थांबली. तोंडातला धागा बोटाने काढला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोन मला परत देताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी यापूर्वी फक्त बिल्डरच्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

छोटीने नाकारलेला माल म्हणून मग मी सोसायटीच्या प्रदर्शनात टेबल मांडलं. तिथे लोक कोन हातात घेतात, "कित्ती गोड!" म्हणतात, किंमत ऐकतात आणि अलगद खाली ठेवतात. एका बाईंनी तर हिशेबच मागितला. "लोकर किती लागली? एक गुंडा. कापूस? मूठभर. मग बाकीचे पैसे कसले?" बाकीचे माझे. पण हे तोंडावर म्हणता येत नाही. विणकामाची मशिनं आहेत, पण क्रोशाची ही वीण मशिनला अजून साधलेली नाही. जगात कुठेही, कितीही स्वस्तात असं खेळणं दिसलं तरी त्यातला प्रत्येक खांब कुणीतरी हाताने घातलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका 19व्या शतकापासून क्रोशाची लेस विणतात. मिशनऱ्यांनी शिकवलेली ती कला परदेशी बाजारात जाते. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. दिवसचे दिवस विणणाऱ्या या बायकांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. त्या गृहिणी, आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. सबब मजुरीही फावल्या वेळची. हे वाचल्यापासून कुणी मला "छान वेळ जातो ना तुमचा?" असं विचारलं की मी किमतीत पन्नास रुपये वाढवते.

त्या प्रदर्शनात विकला गेलेला पहिला कोन एका साठीच्या बाईंनी घेतला. त्यांनी किंमतही विचारली नाही, उपयोगही विचारला नाही. "आमच्या ह्यांना द्यायचाय," म्हणाल्या. "शुगर निघाली आहे, डॉक्टरांनी आइस्क्रीम कायमचं बंद केलंय. फ्रिज उघडून नुसते उभे राहतात हो. वरच्या कप्प्यात ठेवीन म्हणते."

मी जपून पिशवीत घालून दिला. फ्रिजमध्ये लोकर ओली होईल हे सांगायचं होतं, पण त्या घाईत होत्या.

पुढच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे पुरुषाचा आवाज, थोडा दबका. मागे कुठे तरी प्रेशर कुकरची शिट्टी.

"नमस्कार. तुम्हीच ना त्या लोकरीच्या आइस्क्रीमवाल्या? आमच्या हिने तुमच्याकडून नेलंय, स्ट्रॉबेरी."

"हो, काही तक्रार आहे का?"

"छे छे, तक्रार नाही. पण मला स्ट्रॉबेरी कधीच आवडलं नाही हो. बटरस्कॉच मिळेल का?"

पिवळी लोकर होती घरात. वर तपकिरी दोऱ्याच्या गाठी भरल्या की बटरस्कॉचचे दाणे होतात. मी चार दिवसांनी देते म्हटलं आणि किंमत सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. आता हे लोकर किती, कापूस किती विचारणार, म्हणून मी तयारीत होते.

"चालेल," ते म्हणाले. "फक्त दाणे जरा सढळ हाताने घाला. आणि हिला सांगू नका, दोन आहेत म्हणून."